दोघींची झोप

रविवार, २ मार्च

आले एकदाची. दोन बॅगा, एक प्रेशर कुकर, इस्त्री आणि डॉक्टरीणबाईंनी सक्तीने लिहायला लावलेली ही वही, एवढा संसार घेऊन. एक्कावन्नाव्या वर्षी बढतीवर बदली झाली म्हणून सगळ्यांनी अभिनंदन केलं. मला आनंद वेगळाच आहे. या खोलीच्या भिंती मी अजून रात्र रात्र न्याहाळलेल्या नाहीत.

वहीत काय लिहायचं ते ठरलेलं आहे. किती वाजता आडवी झाले, कितीदा उठले, अंगातून वाफा कितीदा आल्या, दुपारनंतर चहा घेतला का. शिवाय मनात घोळत असेल तेही, म्हणजे ते उशाशी येऊन बसत नाही म्हणे. पाळी गेली त्याला दीड वर्ष झालं, आणि जाताना ती माझी झोपही बरोबर घेऊन गेली. रात्रीत तीनदा गाऊन बदलायचा, पंख्याखाली उभं राहायचं, मग हुडहुडी भरली की पांघरूण शोधायचं. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे कुरकुर ऐकायलाही शेजारी कोणी नाही. ठकी, माझी लेक, आली की माझ्याजवळच झोपते आणि म्हणते, आई, तू म्हणजे चालता-बोलता हीटर. सत्तावीस वर्षांची घोडी झाली, शाळेत लहान मुलांना शिकवते, लग्नाला दोन वर्षं झाली, तरी तिला खऱ्या नावाने हाक मारायला कोणाची जीभ वळत नाही.

खोली वरच्या मजल्यावर आहे. दोन खिडक्या, दोन्ही उत्तरेला, त्यामुळे ऊन आत येत नाही. लोखंडी खाट, जुनी आणि जड. घरमालकीण काकू सत्तरीच्या. जन्मभर शिवणकाम केलेलं, त्यामुळे माणसाकडे बघताना त्यांची नजर खांद्यापासून कमरेपर्यंत टेप लावल्यासारखी फिरते. खोली फक्त बाईमाणसालाच देतात, तीही पंचेचाळिशीच्या पुढची. विचारलं काय, तर झोप लागते का आणि मुलं किती. म्हटलं, काकू, खोली देताय की स्थळ बघताय? त्या हसल्या नाहीत. एकच मुलगी म्हटल्यावर म्हणाल्या, मग फार जीव असेल तिच्यावर.

चहा दुपारी दोनला शेवटचा. फोन दूर टेबलावर. दहाला आडवी होतेय.

सोमवार, ३ मार्च

दहाला पडले, सहाला उठले. एकदाही जाग नाही. वाफा शून्य. हे वाक्य मी दोनदा वाचून पाहिलं.

बुधवार, ५ मार्च

तीन रात्री झाल्या, तिन्ही सारख्या. पाठ टेकली की कोणीतरी अलगद गार पाण्यात सोडल्यासारखं वाटतं, आणि थेट सकाळ. फक्त एक गंमत. मी जन्माची कुशीवर झोपणारी, आणि उठते ती सरळ उताणी, हात अंगालगत, चादर हनुवटीपर्यंत नीट ओढलेली.

कामाचंही बरं चाललंय. हॉस्पिटलच्या तळघरात आमचा विभाग आहे. ऑपरेशनची हत्यारं वरून मळलेली येतात, ती आम्ही धुतो, मोजतो, पुड्यात बांधतो, ऑटोक्लेव्हच्या वाफेत घालतो आणि परत वर पाठवतो. एक चिमटा कमी भरला तर वर ऑपरेशन खोळंबतं, म्हणून डोकं ठिकाणावर लागतं. गेलं वर्षभर माझं ते नसायचं. काल बेचाळीस ट्रे तपासले, एक चूक नाही.

बांधणीच्या टेबलावर एक बाई आहेत, त्यांना सगळे वहिनी म्हणतात. माझ्याच वयाच्या, माझंच दुखणं. ऑटोक्लेव्हचं दार उघडलं की म्हणतात, मॅडम, ते मशीन बंद ठेवा, आपल्या दोघींना आत बसवलं तरी हत्यारं उकळतील. त्यांचे यजमान उंच इमारतींच्या काचा दोरावर लटकून पुसतात. रोज संध्याकाळी फाटकाशी वहिनींना न्यायला येतात.

रविवार, ९ मार्च

डॉक्टरीणबाईंना फोन केला. फार खूश झाल्या. ठरलेली वेळ, गार खोली, सुती कपडे, संध्याकाळचं चालणं, बघा, याचाच गुण येतो म्हणाल्या. माझी वही त्या इतर बायकांना दाखवणार आहेत.

ठकीशीही बोलले. तिला आठवडाभर झोप नाही. हसत होती. म्हणाली, आई, तुझा मेनोपॉज मला लागला वाटतं. रात्री मोबाईल बघत बसतेस म्हणून मीच तिला झापलं. मग डॉक्टरांचे सगळे नियम तिला पाठ करून दाखवले.

शुक्रवार, १४ मार्च

आज आरशात बघून मीच चपापले. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली आहेत. वहिनी म्हणाल्या, मॅडम, कुठली क्रीम लावता ते सांगा. खाली काकूंनीही थांबवून विचारलं, झोप कशी आहे. छान आहे म्हटलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले, हात जोडावेत तसे.

ठकी बारा रात्री जागी आहे. डोळा लागतच नाही, दिवसाही नाही. थायरॉइड तपासला, काही नाही. डॉक्टरांनी गोळी दिली, तिचाही उपयोग नाही. वर्गात एका मुलाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारली, त्याने दुरुस्ती केली, तर हिला रडू आलं. मला हे सांगतानाही रडली. मी नऊ तास झोपून फोनवर बोलत होते.

बुधवार, १९ मार्च

काल एका ऑटोक्लेव्हचं दार अडकलं. मेकॅनिक येऊन ते सुटेपर्यंत उजाडलं, त्यामुळे मी रात्रभर तिथेच होते, पाठ टेकली नाही. सकाळी जावयांचा फोन. आनंदाने आवाज फुटत होता. म्हणाले, ठकी झोपली. दात घासता घासता झोपली, ब्रश हातात तसाच. पडणार होती, त्यांनी धरली. किती वाजता, विचारलं. तर म्हणाले, दहाच्या ठोक्याला.

मला खूप बरं वाटलं. इतकंच. आणखी काही मनात आलं नाही.

गुरुवार, २० मार्च

काल संध्याकाळी सातला पडले ते आज सकाळी आठला उठले. तेरा तास. कामाला उशीर झाला. ठकीचा डोळा पुन्हा लागला नाही.

आता वही पुढ्यात घेऊन बसले आहे. तिची पहिली वाईट रात्र कोणती ते फोन करून विचारलं. तिला आठवत होतं, कारण दुसऱ्या दिवशी शाळेत पालकसभा होती. २ मार्च.

शुक्रवार, २१ मार्च

काकूंकडे गेले. जुळवून काही विचारायला गेले होते, पण तोंडातून सरळच निघालं. माझी मुलगी झोपत का नाही?

त्या मशीनवर उशीचा अभ्रा शिवत होत्या. पाय थांबला. खोटं बोलतील असं वाटलं होतं, पण नाही बोलल्या. त्या खाटेवर झोपणाऱ्या बाईला दोघांची झोप मिळते, म्हणाल्या. तिची स्वतःची, आणि तिचा जीव ज्याच्यावर आहे त्याची. कोणी केलं, कधीपासून, त्यांना ठाऊक नाही. खाट जुन्या बाजारातून आणलेली. त्यांचीही पाळी गेली होती, त्यांनाही झोप नव्हती, तिच्यावर पडल्या आणि लागली. थोरला मुलगा एकेचाळीस दिवस जागा राहिला. कारखान्यात प्रेस मशीनवर होता. त्यापुढचं त्यांनी तळहात प्रेससारखा खाली आणून दाखवलं.

थोरला गेल्यावर ते धाकट्याला लागलं. खाट सोडली, घर सोडून बहिणीकडे राहिल्या, काही उपयोग झाला नाही. शेवटी एक भाडेकरू बाई त्या खाटेवर झोपली आणि त्या रात्री धाकटा झोपला. तेव्हापासून खोली रिकामी ठेवत नाहीत. माझ्या आधीच्या बाईंची म्हातारी आई होती. ती गेल्यावर त्या बाई निघून गेल्या, आणि आठवड्याच्या आत झोप येत नाही म्हणून धाकट्याचे फोन सुरू झाले.

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्या ऐकून घेत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तुम्हीही आई आहात. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतंत?"

मी तशीच उठून वर आले.

रविवार, २३ मार्च

दोन दिवस हॉस्पिटलच्या विश्रांतीच्या खोलीत बाकावर झोपले. तीच झोप, तेच गार पाणी. बाकावरही उताणी, हात सरळ. तिथे चादर नव्हती तरी गळ्याशी काहीतरी नीट खोचल्यासारखं वाटत होतं.

खाट जाळावी म्हटलं तर लोखंडी. करवतीने एक पाय कापायला घेतला. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. आधी मीही कापली होती, म्हणाल्या, आणि वाकून जोड दाखवले. चारही पायांना.

मंगळवार, २५ मार्च

आज वहिनी टेबलावर डोकं ठेवून रडल्या. आठवडाभर झोप नाही, अंगाची आग, घरात सगळ्यांवर ओरडतात. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, मॅडम, तुम्हाला तिकडे एवढी झोप लागते, एक रात्र मला येऊ द्या ना तुमच्या खोलीत.

मी हो म्हटलं. विचार न करता नाही, चांगला विचार करून म्हटलं. एक रात्र त्या झोपल्या की ठकी सुटली.

संध्याकाळी त्या पिशवी घेऊन माझ्याबरोबर निघाल्या. फाटकाशी यजमान उभे होते, कमरेला दोराचा पट्टा तसाच. त्यांनी वहिनींच्या हातातली पिशवी घेतली, कुठे निघाल्या ते विचारलंही नाही, नुसते म्हणाले, झोप बरं का पोटभर.

मी खोटं बोलले. वरचा नळ फुटलाय, खोलीभर पाणी आहे. वहिनींचा चेहरा उतरला. मी एकटीच परत आले.

ठके, मला माफ कर. की मी बरोबर केलं? कोणाला विचारू हे?

गुरुवार, २७ मार्च

आता झोप बोलावल्याशिवाय येते. आज ट्रे मोजताना स्टुलावर बसले, उठवलं तेव्हा चार तास झाले होते. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. पहिल्यापासून, खाटेसकट. त्या शांतपणे ऐकत राहिल्या, आणि मग माझ्या मनावरच्या ताणाबद्दल बोलू लागल्या. मुलीला मुलीच्या डॉक्टरांवर सोपवा, म्हणाल्या. तुमची झोप सुधारली आहे, ती आता बिघडवू नका.

ठकी रजेवर आहे. फोनवर तिचे शब्द एकमेकांवर पडतात.

शनिवार, २९ मार्च

एकच मार्ग दिसतोय. त्या ऑटोक्लेव्हच्या रात्री मी झोपले नाही आणि झोप तिच्याकडे गेली. म्हणजे मी घेतली नाही की ती ठकीची ठकीला मिळते. मग मी घ्यायचीच नाही. निदान एक रात्र, एक दिवस. तेवढ्यात तिच्या जिवात जीव येईल.

काल प्रयत्न केला. गार पाण्याने आंघोळ केली, उभी राहिले. उभ्याउभ्याच गेले. सकाळी खाटेवर होते. स्वतः चढल्याचं आठवत नाही.

रविवार, ३० मार्च

उद्या सकाळपर्यंत कामावर थांबायची परवानगी काढली. वहिनीही थांबणार आहेत, त्यांना तशीही झोप नाही. मी डोळे मिटले की चिमटा काढायचा, असं सांगून ठेवलंय. त्यांनी का ते विचारलं नाही.

ठकीला सांगितलं, आज घरीच राहा, गादी घालून ठेव, झोप येईल. कशावरून, म्हणाली. आई सांगते म्हणून, म्हटलं. ती म्हणाली, "मला तुझ्याजवळ झोपायचंय, आई. तिथे लागेल." मी घाईघाईने नको म्हटलं. इकडे येऊ नकोस. फार तोडून बोलले का? तिने फोन ठेवला.

सोमवार, ३१ मार्च

सकाळी ८.४० — जागी आहे. झोप रात्रभर मानगुटीवर बसली होती. वहिनींनी दंड काळानिळा केला. पण जागी.

९.०५ — गेली. खांद्यावरून शाल काढून न्यावी तशी, अचानक. डोकं लख्ख. वहिनी म्हणाल्या, मॅडम, हसताय का? ठकी झोपली असणार आत्ता. माझी बाय झोपली असणार.

९.२० — फोन केला, झोपेत उचलणार नाही असं धरून. उचलला. मागे गाड्यांचे आवाज.

ती रस्त्यावर आहे. सातला गाडी घेऊन निघाली. एकटी. जावई पहाटेच कामाने गावाला गेले. तू नको म्हणालीस तरी येतेय, म्हणाली. दीड तास राहिलाय.

मग म्हणाली, "आई, किती दिवसांनी डोळे जड झालेत गं. इतकं गोड वाटतंय."

गाडी थांबव म्हटलं. थांबव, बाजूला घे. हो हो म्हणाली. पुढे पंप दिसला की. पुलावर आहे, इथे थांबता येत नाही. मग नुसता श्वास. मी ओरडले. दचकून म्हणाली, आहे, आहे. आणि कट झाला.

९.४५ — रिक्षाने खोलीवर आले. मला झोपायला हवं. मी झोपले की ती जागी राहील. एवढंच करायचंय. पडायचं आणि झोपायचं.

९.५५ — उचलत नाही. जावईही नाही.

१०.०० — काकूंनी पडदे ओढले. पायाशी उभ्या आहेत.

१०.०८ — खाटेवर आहे. उताणी. हात सरळ. येत नाही. महिनाभर हाकलून गेली नाही आणि आता —

१०.१५ — वाफ. पोटातून वर, मानेपर्यंत. घामाने वही ओली. छातीत नुसती धडधड. ही माझी जुनी रात्र आहे, तीच — भर सकाळी —

१०.२१ — ये. तिला सोड आणि माझ्याकडे ये. मी घेते. सगळी घेते, पुन्हा उठले नाही तरी —

१०.२७ — रिंग जाते. पूर्ण जाते. पुन्हा —

१०.३४ — श्वास मोजते आहे. चार. पाच. ठके, डोळे उघड. सहा —

१०.४१ — जड होतायत. माझे. हो. गार लागतंय पायांना. येतेय, बहुतेक येतेय — अक्षर नीट —

फोन. तिचंच नाव. उचलला तर ही झोप जाईल. नाही उचलला तर —